चहातला फ्रूट लोफ: बिघडतो कुठे? या चुका टाळा

माझा पहिला फ्रूट लोफ वरून कडक भाकरी आणि आतून पिठलं असा झाला होता. पाहुणे बाहेरच्या खोलीत, मी सुरी घेऊन ओट्याशी. शिव्या ओव्हनला घातल्या. पुढे चार-पाच लोफ करून झाल्यावर लक्षात आलं, की घोळ आदल्या रात्रीच झाला होता, मनुके भिजत घालताना.

हा ब्रिटनमधला जुना घरगुती प्रकार. सुकामेवा रात्रभर गरम कोऱ्या चहात भिजवायचा आणि सकाळी त्यात मैदा, साखर, अंडं कालवून भाजायचं. वेल्समध्ये त्याच्या भावंडाला बारा ब्रिथ म्हणतात, म्हणजे ठिपक्यांचा पाव. यात लोणी नाही, तेलही नाही. सोलापूरच्या ४२ अंशांत बटर फेटायला घेतलं तर साखर पडायच्या आत पातळ होतं, म्हणून मला हा लोफ आपल्याकडचाच वाटतो.

माझं प्रमाण: सुकामेवा ३५० ग्रॅम, दूध न घातलेला कडक चहा ३०० मिली, ब्राऊन साखर १७५ ग्रॅम, मैदा २७५ ग्रॅम, बेकिंग पावडर ३ छोटे चमचे सपाट, एक अंडं, चिमूटभर मीठ, दालचिनी-जायफळ. काट्यावर मोजा. वाटी-वाटीत फरक असतो आणि पहिली फसगत तिथेच होते. इंग्रजी कृतींत ‘सेल्फ रेझिंग’ पीठ असतं, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेली. आपण नुसता मैदा घेतो आणि मग लोफ विटेसारखा का झाला म्हणून विचारतो. पावडरीऐवजी तेवढाच खाण्याचा सोडा टाकू नका, साबणासारखी चव येते.

आता भिजवणं. सोलापूरच्या बाजारातल्या मधल्या मारुतीजवळून आणलेला बेदाणा तसाच चहात टाकू नका. एकेक मूठ ताटात पसरा, काड्या खुडा, कोमट पाण्यातून काढा. दाताखाली आलेली काडी पाहुण्याला नेमकी सापडते. बेदाणा कोरडा आणि आंबट, त्यामुळे अर्धे काळे मनुके आणि थोडे चिरलेले खजूर घालते. टुटीफ्रुटी नको, ती पाकवलेली कच्ची पपई, चहा काय पिणार?

चहा गरम असतानाच ओता, झाका आणि निवला की उन्हाळ्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिलात मी ते ओट्यावरच विसरले. सकाळी झाकण काढलं तर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास. सगळं टाकून दिलं.

सकाळी मनुका बोटात दाबून बघा. टम्म फुगलेला आणि आत मऊ हवा. मग चहा गाळून बाजूला ठेवा. मैद्यात सुकामेवा आणि अंडं घातल्यावर तो चहा लागेल तसाच घाला. माझी जुनी चूक हीच, उरलेला सगळा चहा एकदम ओतायचा. बेदाण्याने कमी प्यायला असेल तर पीठ सैल होतं, फळं तळाशी बसतात आणि मधोमध कच्चं राहतं. पळीतून धार पडली तर सैल; पळी तिरकी करून झटकल्यावर गोळा थबकन पडला पाहिजे. फळांना मैदा चोळून घेण्याचा सल्ला सगळे देतात. सैल पिठात त्याचा मला काडीचा उपयोग झालेला नाही. आणि मैदा पडल्यावर घोटू नका, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा, नाहीतर लोफ चिवट होतो.

भाजताना घाई नको. १६० अंश, सव्वा तास. छोट्या ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये, वरचा रॉड टिनच्या अगदी डोक्यावर असतो. टिन खालच्या खाचेत ठेवा आणि ४० मिनिटांनी वर फॉइल झाका. वरचा रंग बघून काढाल तर माझ्यासारखं पिठलं मिळेल. विणायची सुई मधोमध खालपर्यंत खुपसा. टूथपिक तळापर्यंत पोचत नाही. सुईला गोड चिकटपणा लागला तर तो मनुक्याचा असू शकतो, दुसऱ्या जागी खुपसून बघा. ओलं पीठ लागलं तर आणखी १० मिनिटं. वर भेग पडली तर पडू द्या, लोफला पडतेच.

गरम लोफ कापला की चुरा होतो. पूर्ण निवला की बटर पेपरात गुंडाळून एक दिवस ठेवा, ओल सगळीकडे सारखी पसरते. घरात मुलं असतील तर लपवून ठेवा. थंडीत तो डब्यात चार-पाच दिवस राहतो. उन्हाळ्यात मात्र दुसऱ्या दिवसापासून फ्रिजमध्येच, नाहीतर कडेला बुरशी धरते. फ्रिजमधली फोड घट्ट लागली तर तव्यावर दोन्ही बाजूंनी जरा शेका आणि वर खारं लोणी लावा.