लोकवेशातल्या बाईचं जुनं चित्र कसं वाचावं

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या चित्रकारांनी लोकवेशातल्या बायका ढिगानं रंगवल्या. संग्रहालयात त्यांच्यासमोर आपण क्षणभर रेंगाळतो, ‘किती सुंदर’ म्हणतो आणि पुढं सरकतो. थोडं थांबायचं असेल तर काय बघायचं? सरावासाठी एक चित्र घेऊ : कॉन्स्टान्टिन डॅनियल रोझेन्थालचं ‘क्रांतिकारी रुमानिया’ (१८५०). मूळ चित्र बुखारेस्टच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे, इंटरनेटवर सहज सापडतं.

१. चित्राशेजारची माहितीची पाटी आत्ताच वाचू नका. चेहऱ्याकडेही नंतर बघा, आधी बाही. रुमानियन बायकांच्या भरतकाम केलेल्या पांढऱ्या सदऱ्याला ‘इये’ म्हणतात. त्यावर कुठं काय भरायचं हे ठरलेलं असतं : खांद्यावर ‘अल्तित्सा’ हा दाट भरलेला आडवा पट्टा, त्याखाली बहुधा एकाच रंगाचा अरुंद ‘इन्क्रेत्स’, आणि तिथून मनगटाकडे उतरणाऱ्या उभ्या-तिरप्या ओळी. ही अल्तित्साची कला २०२२ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. चित्रकारानं हे भाग वेगवेगळे दाखवलेत की नुसते लाल-काळे फटकारे मारलेत? फटकारे असले म्हणून चित्र कमअस्सल ठरत नाही. पण मग त्यावरून गाव-प्रांत ओळखायला जाऊ नका.

२. डोकं झाकलेलं आहे का? लग्न झालेल्या बाईनं डोक्यावरून वस्त्र घ्यायचं, ही रीत तिथंही होती. मग हात बघा. हातात चाती किंवा घागर असती तर गोष्ट वेगळी होती. इथं निळं-पिवळं-लाल, म्हणजे रुमानियाचं निशाण आहे, म्हणजे हे नुसतं व्यक्तिचित्र नाही.

३. आता पाटी वाचा, आणि तिच्यावर थांबू नका. चित्रासाठी समोर कोण होती, कुणी रंगवलं, कुठं, हे तिन्ही शोधा. खरी गंमत इथंच आहे. रुमानियाचं रूप म्हणून उभी असलेली ही बाई म्हणजे मारिया रोझेट्टी. माहेरची मेरी ग्रँट, कुळानं स्कॉटिश, जन्म गर्न्सी बेटावरचा. चित्रकार पेस्ट शहरातला (आजच्या बुडापेस्टचा भाग) ज्यू. चित्र रंगवलं पॅरिसमध्ये!

मग हा वेश खोटा? मला तसं वाटत नाही. १८४८ चा वालाकियातला (आजच्या रुमानियाचा दक्षिण भाग) उठाव मोडल्यावर ऑटोमन सैन्यानं पुढाऱ्यांना पकडून डॅन्यूबमधून होड्यांनी नेलं. त्यात मारियाचा नवराही होता. तान्ही मुलगी घेऊन ती काठाकाठानं मागोमाग गेली, सोबत रोझेन्थाल होता, आणि त्या कैद्यांच्या सुटकेत तिचा मोठा हात होता. तो इये तिला वारशानं मिळाला नव्हता, तिनं तो निवडला होता. रोझेन्थाल पुढच्याच वर्षी, १८५१ मध्ये, पेस्टला कैदेत मेला.

४. शेवटी जोडीला दुसरं चित्र ठेवा. रुमानियन चित्रकार निकोलाए ग्रिगोरेस्कूनं मुश्चेल भागातली शेतकरी बाई रंगवली. शीर्षकात प्रांत आहे, बाईचं नाव नाही. आणि सावध राहा : पुढं रुमानियाची, जर्मन घराण्यातली राणी एलिझाबेथ स्वतः लोकवेश घालू लागली, दरबारातही तो रुळला. तेव्हा शीर्षकात ‘शेतकरी बाई’ असली तरी हातांवर कामाच्या खुणा आहेत का आणि पायात काय आहे, हे बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका.