दवाखान्याचा इतिहास लिहायचाय? आधी कंपाउंडरला गाठा

माझे वडील सोलापुरात साखर पेठेतल्या एका दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर होते. डॉक्टर गेले, दवाखाना मिटला, त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. मागल्या वर्षी डॉक्टरांच्या नातीचा फोन आला, "काका, आजोबांच्या दवाखान्याचा इतिहास लिहायचाय. कुठनं सुरू करू?" मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिलेला माणूस, मला काय ठाऊक! पण आठ महिने दोघं फिरलो आणि काम झालं. तुमच्या पेठेतल्या दवाखान्याचं करायचं असेल तर आमचा अनुभव घ्या.

डॉक्टरांच्या घरच्यांकडे शेवटी जा. ते फोटो दाखवतात, सत्काराचं सांगतात. दवाखाना कसा चालायचा ते कंपाउंडर, झाडणारी बाई आणि बाकड्यावर बसलेल्या माणसांना माहीत. त्यांना "दवाखाना कधी सुरू झाला?" असं विचारू नका, गप्प बसतात. "बाटली कोण आणायचं?" म्हणा. मग बघा. बाटली घरनं न्यायची, धुऊन. वडील कागदाच्या पट्टीला घडी घालून कात्रीनं खाचा पाडायचे आणि ती बाटलीला चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. स्टोव्हवर काचेची सिरिंज उकळत असायची, ती बघूनच पोरं रडायला लागायची. एवढं आठवलं की पुढचं आपोआप येतं.

साल मात्र तोंडी विचारू नका, प्रसंग विचारा. मिलच्या भोंग्यावर दिवस काढलेलं गाव हे. जुनी मिल १८७७ सालची, तिच्या मागनं बाकीच्या आल्या. म्हणून "मिल चालू होती का बंद पडली होती? तुमची पाळी कुठली?" असं विचारलं की माणूस बरोबर जागेवर येतो. ७२ चा दुष्काळ आणि ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट, या दोन खुणा कुणी चुकत नाही. आमच्या डॉक्टरांनी फी कधी वाढवली ते एका आजीनं "भूकंपानंतरच्या दिवाळीला" असं सांगितलं.

पूर्व भागात, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्यांच्या वस्तीत, एकटं जाऊ नका, तेलुगू येणारं कुणीतरी बरोबर घ्या. म्हातारी माणसं मराठी बोलतात, पण दुखण्याची गोष्ट मायबोलीतच रंगते. आमच्या डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली देवनागरीत लिहिलेली एक चिठ्ठी होती. खोकला : दग्गु, केम्मु. दुखणं : नोप्पी, नोवु. आधी तेलुगू, मग कानडी. अख्ख्या इतिहासात मला ही चिठ्ठी सगळ्यात मोलाची वाटते.

आता कागद. फलकावरच्या 'स्थापना' सालावर विश्वास ठेवू नका, ते बहुतेक वेळा नंतर रंगवलेलं असतं. बिल आण्यांत असेल तर ते साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. साधारण म्हणतो, कारण जुनी सवय आणखी काही वर्षं गेली नाही. पत्त्यात पिन कोड छापला असेल तर लेटरहेड १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. औषधाच्या कृतीत ग्रेन नि ड्राम ही जुनी मापं दिसली तर वही जुनी, मिलिलिटर दिसले तर अलीकडची. यात एक खोच आहे. जुनं लेटरहेड संपेपर्यंत वापरतातच. वडील तर पाठकोऱ्या कागदावर दहा वर्षं हिशेब लिहायचे. म्हणजे छापल्याचा काळ कळतो, लिहिल्याचा नाही. आम्ही इथंच फसलो आणि एक अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं.

जागेसाठी सिटी सर्व्हेच्या कचेरीतनं मिळकत पत्रिका काढा. जागा कुणाची होती आणि कधी बदलली ते तिथं कळतं. जुन्या शहराची माहिती हवी तर १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर चाळा. पण खरा खजिना म्हणजे शाळांच्या, समाजाच्या स्मरणिका. त्यात डॉक्टरांची जाहिरात हमखास असते, वेळेसकट, आणि छापल्याचं सालही पक्कं असतं.

एक सोलापुरी आजार सांगतो. जुन्या डॉक्टरांच्या घरी गेलात की कुणीतरी म्हणणारच, "डॉ. कोटणीस आमच्याकडं बसायचे." लिहून घ्या, हसू नका, पण तारखा लावून बघा. द्वारकानाथ कोटणीस १० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्मले, डॉक्टरी मुंबईत शिकले, १९३८ ला वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. आम्हाला ते १९४५ साली चहा प्यायला आलेले सांगितले गेले.

रजिस्टरं सापडली तर लगेच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमच्याकडं अकरा होती. आईनं एका दिवाळीच्या साफसफाईत आठ रद्दीत घातली, मी घरीच होतो आणि दोरी मीच बांधली. उरलेल्या तिनांत क्षयाच्या रोग्यांपुढं वडिलांनी छोटा ठिपका दिलाय. ती नावं छापायची नाहीत, नातवंडं त्याच गल्लीत राहतात. किती ठिपके, कुठल्या पेठेत, एवढंच आम्ही लिहिलं. एका बाईनं तर "आमच्या सासूचं नावच नको" म्हटलं. नको तर नको.

छापायला पैसे नव्हते. चाळीस प्रती झेरॉक्स करून शिवल्या आणि मागं चार पानं कोरी सोडली. ही पानं विसरू नका. पहिली प्रत आठवड्यात परत आली, कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेलं : "पान नऊ. मिक्श्चर लाल नव्हतं, गुलाबी होतं. बाटली माझ्याकडं आहे, येऊन बघा."