सीमाभागातल्या डीटीपी दुकानात लिनक्स मिंट: कुठे जमतं, कुठे अडतं

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या झेरॉक्स-डीटीपी दुकानात एकाच संगणकावर मराठी लग्नपत्रिका, कन्नड अर्ज, उताऱ्याची प्रिंट आणि गिऱ्हाइकाचं आधार कार्ड असं सगळं चालतं. बऱ्याच ठिकाणी त्याच यंत्रात क्रॅक केलेलं कोरलड्रॉ असतं, आणि ते चालावं म्हणून अँटिव्हायरस कायमचा बंद असतो. त्यात विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या आय-३ ला ते झेपत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची मोफत ऑपरेटिंग सिस्टम चांगली चालते, पण सरसकट सगळ्या दुकानांत नाही.

आधी नकार कुठे द्यायचा ते बघा. टॅली, डिजिटल सहीचं टोकन आणि कोरलची कामं ज्या यंत्रावर होतात, ते विंडोजवरच राहू द्या. लिनक्सवरचं चित्रांकनाचं इंकस्केप कोरलची सीडीआर फाइल उघडतं, पण अक्षरं आणि मांडणी हलते. पत्रिका छापायला घेताना ते परवडत नाही. त्या यंत्रात गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह घालायचा नाही, एवढा नियम पाळा. काउंटरवरच्या दुसऱ्या यंत्राला मिंट.

डाउनलोड आणि चाचणी

मिंट २२ ची मालिका घ्या. तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. रॅम किमान २ जीबी सांगतात, पण ब्राउझर उघडल्यावर ४ च्या खाली काम रखडतं. यंत्र फारच जुनं असेल तर नेहमीच्या सिनॅमनऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो, विंडोजवर रुफस या प्रोग्रॅमने तो तयार होतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं, गिऱ्हाइकाचा विसरलेला ड्राइव्ह हाताशी आला म्हणून तो वापरू नका.

उतरवलेली आयएसओ, म्हणजे अख्खं मिंट असलेली एकच फाइल, तपासल्याशिवाय बसवू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसून डाउनलोडचा दुवा मागचं दार (चोरवाट) ठेवलेल्या आयएसओकडे वळवला होता. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६ ही तपासणीची बेरीज (फाइलीचा जणू अंगठ्याचा ठसा) काढा आणि तिची ६४ अक्षरं मिंटने प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी ताडून पाहा. ती बेरीज त्याच संकेतस्थळावर असल्याने घुसणारा तीही बदलू शकतो. म्हणून खरी खात्री जीपीजी सहीने, म्हणजे मिंटवाल्यांच्या डिजिटल सहीने होते. इथे मात्र ओपन सोर्सवाल्यांचं चुकतं. सही तपासायला टर्मिनलमध्ये आज्ञा टाकाव्या लागत असतील तर दुकानदार ती पायरी गाळणारच, आणि गाळली जाणारी पायरी असून नसल्यासारखी. नव्या मिंटमध्ये आयएसओवर राइट क्लिक करून 'व्हेरिफाय' म्हणता येतं. ओळखीत कुणाकडे मिंट असेल तर तिथे तपासून घ्या.

मग पेन ड्राइव्हवरूनच यंत्र सुरू करा, डिस्कला हात लावू नका. आधी प्रिंटर. कॅनन एलबीपी २९०० दुकानोदुकानी आहे आणि लिनक्सवर तोच सगळ्यात जास्त छळतो, कारण त्याची कॅप्ट ही कॅननची स्वतःची भाषा आहे. ड्रायव्हर बसला तरी मध्येच छपाई अडते. एचपी १०२० ला एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरचं प्लगिन इंटरनेटवरून घ्यावं लागतं. ते नसेल तर प्रिंटर दिसतो पण कागद ओढत नाही. प्रिंटर चालला नाही तर मिंट टाकू नका. दोन दिवसांत कुणीतरी वैतागून परत क्रॅक विंडोज घालेल आणि आधीपेक्षा वाईट अवस्था होईल.

मराठी-कन्नड कीबोर्ड

इथे मिंट विंडोजपेक्षा सरस आहे, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांच्या बोटांत कगप ही उच्चारावर आधारलेली मांडणी बसलेली असते. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये 'कन्नड (कगप, फोनेटिक)' आहेच, शिवाय 'मराठी (कगप, फोनेटिक)' पण आहे. म्हणजे एकाच हाताच्या सवयीवर दोन्ही भाषा. इन्स्क्रिप्ट ही सरकारी मांडणी वापरणाऱ्यांसाठी तीही आहे. सेटिंगमध्ये इंग्रजी पहिली ठेवा, मग मराठी, मग कन्नड. भाषा बदलायला ऑल्ट-शिफ्ट.

इंग्रजी पहिली ठेवायचं कारण आहे. स्क्रीन लॉक झाली तेव्हा मराठी चालू असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचा ठरतो, आणि दुकानातला मुलगा वैतागून पासवर्डच काढून टाकतो. लॉक स्क्रीनवर भाषेचं चिन्ह दिसतं का बघा. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिचा पासवर्ड फक्त रोमन अक्षरं आणि आकडे असा ठेवा. चिन्हांच्या जागा मांडणीनुसार बदलतात, आणि त्या वेळी काय टाइप होतंय ते दिसत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये (मिंटसोबत येणारं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर) भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून मराठी निवडा, नाहीतर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. जुन्या श्रीलिपी (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) किंवा नुडीच्या फाइली उघडल्यावर कचरा दिसला तर तो लिनक्सचा दोष नव्हे. त्या युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत नाहीत. त्या विंडोजवर उघडून पीडीएफ काढून ठेवा. मेन्यू मात्र इंग्रजीच असू द्या. मराठी भाषांतर अर्धवट आहे, आणि अडलं की उपाय शोधायला एररचा संदेश इंग्रजीतच लागतो.

गिऱ्हाइकाची कागदपत्रं

'लॉगिन विंडो' सेटिंगमध्ये 'गेस्ट सेशन' (पाहुण्यासाठीचं तात्पुरतं खातं) मुळात बंद असतं, ते चालू करा. त्यातून बाहेर पडलं की डाउनलोड केलेली आधारची पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅप वेबचं लॉगिन, सगळं पुसलं जातं. दर गिऱ्हाइकामागे सेशन बदला असं सांगायला सोपं, पण सोमवारी सकाळी रांग लागल्यावर ते कुणी करत नाही. त्यापेक्षा डाउनलोड-प्रिंटचं सगळं काम दिवसभर गेस्टमध्येच करा, आणि जेवणाच्या सुट्टीत व दुकान बंद करताना लॉगआउट. व्हॉट्सअ‍ॅप तेवढं त्या-त्या गिऱ्हाइकासमोरच बंद करा. टायपिंग स्वतःच्या खात्यात, कारण तुमची कीबोर्ड मांडणी गेस्टमध्ये येत नाही.

शॉर्टकट व्हायरस लागलेला पेन ड्राइव्ह आला तर फाइली सहसा गेलेल्या नसतात, विंडोजला लपवून ठेवलेल्या असतात. मिंटमध्ये त्या सरळ दिसतात, कधी बिननावाच्या फोल्डरमध्ये. हवं ते कॉपी करून द्या. व्हायरस मिंटवर चालत नाही, पण कॉपी करताना तो पुढच्या ड्राइव्हवर जाऊ शकतो. एलएनके (शॉर्टकट) आणि ईएक्सई (प्रोग्रॅम) फाइली उचलू नका.

दुकानाच्या स्वतःच्या पासवर्डसाठी वहीऐवजी कीपासएक्ससी हा पासवर्ड साठवणारा प्रोग्रॅम. गिऱ्हाइकाचे पासवर्ड त्यातही ठेवू नका. मुख्य पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच-सहा शब्दांचा. तो विसरला तर कुणीच उघडून देऊ शकत नाही, म्हणून कागदावर लिहून घरच्या तिजोरीत ठेवा. कीपासच्या फाइलीची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर.

लाइट आणि बॅकअप

पावसाळ्यात खानापूरकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही. अपडेट चालू असताना गेली तर पॅकेजेस अर्धवट राहतात. यूपीएस नसेल तर पावसात अपडेट दाबू नका. तसं झालंच तर सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसच्या यंत्रात शिफ्ट) दाबून 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', मग 'रिकव्हरी मोड', आणि यादीतला डीपीकेजीचा (पॅकेजेस दुरुस्त करण्याचा) पर्याय निवडा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

सिस्टमची प्रत ठेवणारं टाइमशिफ्ट रोज चालू ठेवा, दोन-तीन प्रती पुरेत. ती प्रत एक्सटी-४ सारख्या लिनक्सच्या फाइल सिस्टमवरच बनते. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर टाइमशिफ्ट चालत नाही. आणि तुमच्या फाइली त्यात येत नाहीत, फक्त सिस्टम येते. पत्रिका, बिलं, कीपासची फाइल यांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, आणि घेतल्यावर ती केबल काढून ठेवा.