येमेनबद्दल वाचताना-लिहिताना या चुका टाळा : सरकार कुठलं, सैन्य कोणाचं, रियाल कुठला

मी नवी मुंबईत एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशनचं काम करते. आमच्याकडून येमेनच्या दक्षिणेकडच्या एडन बंदराला अधूनमधून कंटेनर जातात, म्हणून येमेनच्या बातम्या मला पोटापाण्यासाठी वाचाव्याच लागतात आणि गेली काही वर्षं वाचता वाचता त्या देशात जीव अडकलाय असं म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे मराठीत येमेनवर जे लिहिलं जातं, व्हिडिओ येतात, स्पर्धा परीक्षावाल्या मुलांच्या नोट्स फिरतात, त्यात ठराविक चुका परत परत दिसतात. त्यातल्या काही मी स्वतः केल्यात, एक तर चांगलीच अंगाशी आली होती, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

"येमेन सरकारने सांगितलं..." : कुठल्या?

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. केरळच्या एका नर्सची फाशीची केस आठवतेय ना, ती सानाच्या तुरुंगात आहे. 2024 संपता संपता आपल्याकडे सगळीकडे बातमी चालली की येमेनच्या राष्ट्राध्यक्षांनी फाशीला मंजुरी दिली, म्हणजे रशाद अल-अलिमी यांनी. लोक म्हणायला लागले की मग दिल्लीने त्यांना एक फोन लावावा आणि विषय संपवावा. नंतर येमेनच्या दिल्लीतल्या दूतावासानेच सांगितलं की अल-अलिमी यांनी अशी काही मंजुरी दिलेली नाही, ते प्रकरण हुतींच्या, म्हणजे साना ज्यांच्या ताब्यात आहे त्या सशस्त्र गटाच्या हातात आहे. आता बघा, ज्या माणसाला जग येमेनचा प्रमुख मानतं त्याचा शब्द येमेनच्या राजधानीतल्या तुरुंगात चालतच नाही! आणि ज्यांचा चालतो त्यांना भारताची मान्यता नाही, मग फोन लावायचा कुणाला. एका आईचा जीव टांगणीला लागलेला असताना आपण चुकीच्या दारावर थाप मारत होतो.

तर थोडक्यात मांडणी अशी आहे. 21 सप्टेंबर 2014 ला हुतींनी (त्यांचं स्वतःचं नाव अन्सार अल्लाह) साना घेतलं. राष्ट्राध्यक्ष हादी 2015 च्या सुरुवातीला निसटून एडनला गेले आणि मग तिथून सौदीला. 26 मार्च 2015 पासून हुतींवर सौदीच्या आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले. सानामधे हुतींनी 2016 साली सर्वोच्च राजकीय परिषद काढली, तिचे प्रमुख 2018 पासून महदी अल-मशात, पण खरा शब्द अब्दुल-मलिक अल-हुती यांचा. दुसरीकडे हादींनी 7 एप्रिल 2022 ला सगळे अधिकार आठ जणांच्या प्रेसिडेन्शियल लीडरशिप कौन्सिलकडे सोपवले, त्याचे अध्यक्ष अल-अलिमी. युनोमधली खुर्ची या कौन्सिलकडे, पण देशातली जास्त माणसं राहतात हुतींच्या भागात. राजधानी घटनेप्रमाणे साना, कामकाजापुरती एडन. म्हणून बातमीत नुसतं "येमेन सरकार" दिसलं की आधी बघायचं निवेदन कुठल्या गावातून निघालंय, सानाहून की एडनहून (की रियाधहून, कारण कौन्सिलची बरीच माणसं बराच वेळ तिथेच असतात). "येमेनच्या पंतप्रधानांचा मृत्यू" ही ऑगस्ट 2025 मधली बातमी घ्या, इस्रायलच्या हल्ल्यात मारले गेले ते हुती सरकारचे पंतप्रधान अल-रहावी, एडनच्या सरकारचे पंतप्रधान तेव्हा सालेम बिन ब्रेक होते आणि ते ठणठणीत होते.

मोबाइलवरचा रियालचा रेट खरा धरू नका

ही माझी अंगाशी आलेली. 2021 साल असेल, एडनच्या पार्टीने तिकडच्या लोकल खर्चाचा हिशोब रियालमधे पाठवला. मी मोबाइलवर कन्व्हर्टर लावला, तो डॉलरला अडीचशेच्या आसपास दाखवत होता (वर्षानुवर्षं तो तेवढाच दाखवायचा), त्या हिशोबाने रक्कम चौपट निघाली. मी तावातावाने मेल टाकला की एवढे पैसे कशाचे. पार्टीने उलट काही न बोलता बाजारातल्या रेटचा फोटो पाठवला, एका डॉलरला हजाराच्या आसपास रियाल. आणि त्याच आठवड्यात सानामधे तोच डॉलर सहाशेच्या आसपास. मला आधी वाटलं काहीतरी घोळ आहे, एकाच देशात एकाच चलनाचे दोन भाव कसे असतील.

तर असतात. सप्टेंबर 2016 मधे हादींनी सेंट्रल बँकेचं मुख्यालय सानाहून एडनला हलवलं. सानातली बँक हुतींनी बंद होऊ दिली नाही, म्हणजे एका देशात दोन रिझर्व्ह बँका झाल्या. एडनवाल्यांनी पगार द्यायला रशियातून नवीन नोटा छापून आणल्या, हुतींनी डिसेंबर 2019 मधे त्या नोटा आपल्या भागात बंदच केल्या. तिथून रियालचे दोन रस्ते झाले. एडनकडे नोटा भरमसाठ आणि डॉलर कमी, म्हणून भाव गडगडत गेला, 2025 च्या जुलैमधे तर डॉलर 2800 च्या वर गेला आणि मग काही आठवड्यांत सोळाशेच्या आसपास खाली आला. सानाकडे नवीन नोटा नव्हत्या म्हणून भाव पाचशे-सहाशेच्या मधे घट्ट धरलेला, पण नोटांची अवस्था बघवत नव्हती, फाटलेल्या, चिकटपट्टी लावलेल्या, हाताळून हाताळून आकडाही दिसेना झालेल्या. शेवटी मार्च 2024 मधे हुतींनी 100 रियालचं नाणं काढलं तेव्हा एडनच्या बँकेने लगेच ते बनावट म्हणून जाहीर केलं.

2021 मधे एडनने हजाराची नोट मुद्दाम जुन्या डिझाइनमधे छापली, दोन्हीकडे चालावी म्हणून, तर हुतींनी लोकांना सांगितलं की सिरीयल बघून घ्या. म्हणजे सानातला दुकानदार हजाराची नोट हातात आली की आधी चित्र बघत नाही, सिरीयलचं अक्षर बघतो. तोच देश, तीच नोट, आणि एका अक्षरावरून ती पैसा आहे की कागद हे ठरतं. एडनला कामाला असलेला माणूस सानाला घरी पैसे पाठवायला हुंडीवाल्याकडे गेला की या फरकापोटी त्याच्या कमाईतला मोठा हिस्सा वाटेतच जातो. म्हणून आकडे जुळत नसले की दोनच गोष्टी विचारा : हा रेट कुठल्या शहरातला आणि कुठल्या तारखेचा. आणि जीडीपी, पगार, महागाई काहीही रियालमधे दिलं असेल आणि शहर लिहिलं नसेल तर तो आकडा वापरूच नका.

"हुती म्हणजे डोंगरातली अनवाणी टोळी"

चपला घातलेले, कमरेला जांबिया (वाकडा खंजीर) खोचलेले पोरांचे फोटो बघून लोकांना असं वाटतं, आणि मग पुढचा प्रश्न, की यांनी लाल समुद्रात अमेरिकेला कसं काय दमवलं. उत्तर अली अब्दुल्ला सालेह या एका माणसात आहे. हा 1978 पासून उत्तर येमेनचा आणि 22 मे 1990 ला उत्तर आणि दक्षिण हे दोन वेगळे येमेन एक झाल्यावर सगळ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष. 2004 ते 2010 मधे त्याने हुतींविरुद्ध सहा लढाया लढल्या, पहिल्याच लढाईत त्यांचा नेता हुसेन अल-हुती मारला गेला. 2011 च्या आंदोलनानंतर, 2012 मधे त्याला खुर्ची सोडावी लागली, पण सैन्यातली माणसं त्याचीच राहिली, रिपब्लिकन गार्ड तर त्याच्या मुलाच्या हाताखाली होतं. आणि मग याच सालेहने सूड म्हणून त्याच हुतींशी हातमिळवणी केली. हुती सानामधे शिरले तेव्हा सैन्यातल्या कित्येक तुकड्या लढल्याच नाहीत, कोठारं, रणगाडे, स्कड क्षेपणास्त्रं आयती मिळाली. त्यावर इराणची मदत, सुटे भाग, ड्रोन हे सगळं नंतर चढत गेलं. डिसेंबर 2017 मधे सालेहने पुन्हा बाजू बदलायचा प्रयत्न केला तेव्हा हुतींनी त्याला दोन-तीन दिवसांत संपवलं, 4 डिसेंबरला.

म्हणून "इराणने उभी केलेली टोळी" हेही अर्धवट आणि "गावठी बंडखोर" हेही अर्धवट. त्यांच्या हातात एका देशाचं जुनं सैन्य, जुनी मंत्रालयं, कर वसूल करणारी यंत्रणा आहे.

समोरच्या बाजूला "सरकारी सैन्य" असा एकच शब्द वापरला जातो तोही तपासून घ्या. मोखाच्या किनाऱ्यावर तारिक सालेहची फौज (त्याच सालेहचा पुतण्या, 2017 पर्यंत हुतींच्या बाजूने), मारिबमधे इस्लाह या धार्मिक सुन्नी पक्षाकडे झुकलेल्या तुकड्या, सलाफी (कट्टर सुन्नी) विचारांच्या जायंट्स ब्रिगेड, पूर्वेकडच्या हद्रमौत प्रांताच्या वेगळ्या, आणि 2026 च्या सुरुवातीपर्यंत दक्षिण वेगळी मागणारी एसटीसी (सदर्न ट्रान्झिशनल कौन्सिल). या एसटीसीने 2019 मधे सरकारशीच लढून एडन घेतलं, 2022 मधे त्यांचा नेता त्याच सरकारच्या कौन्सिलमधे बसला आणि डिसेंबर 2025 मधे त्यांनीच हद्रमौतमधे चाल केली. 2025 पर्यंत काहींना पैसा सौदीचा होता, काहींना यूएईचा. नकाशावर एकच रंग भरलाय म्हणून ते एक सैन्य आहे असं समजू नका.

शिया-सुन्नी म्हणून मोकळे होऊ नका

हुती झैदी शिया, इराणचा पंथ वेगळा, बारा इमाम मानणारा. येमेनमधे झैदी आणि शाफी सुन्नी एकाच मशिदीत नमाज पढत आलेत. आणि एवढंच कारण असतं तर हा इतिहास कसा लावायचा बघा : 1962 मधे उत्तरेतल्या झैदी इमामाची सत्ता उलथली तेव्हा त्या शिया इमामाच्या बाजूने पैसा आणि शस्त्रं देणारं सौदी अरेबिया होतं, आणि समोर प्रजासत्ताकाच्या बाजूने इजिप्तचे हजारो सैनिक. सालेह स्वतः झैदी. धर्म आहे, नाही असं नाही, पण हुतींच्या मूळ सादाह प्रांताकडे झालेलं दुर्लक्ष, टोळ्यांची नाती, जमीन, पाणी हे सोडून नुसतं पंथावर बोट ठेवलं की पुढचं काहीच समजत नाही.

"अरब देश आहे, तेल असेलच की"

तेल आहे, 1984 मधे मारिबला सापडलं, पण 2001 च्या सुमारास रोज साडेचार लाख बॅरलच्या जवळ जाऊन मग उतरतच गेलं. सौदीच्या तुलनेत ते काहीच नाही, तरी सरकारच्या तिजोरीत येणारा बहुतेक पैसा त्याच तेलाचा होता. बालहाफचा गॅस प्रकल्प 2015 पासून बंद. ऑक्टोबर 2022 मधे हुतींनी तेल भरायच्या बंदरांवर ड्रोन टाकले आणि एडन सरकारची तेल निर्यात तिथेच थांबली. आता सगळ्यात महत्त्वाचं, येमेनला लागणाऱ्या गव्हातला जवळपास 90 टक्के बाहेरून येतो. म्हणजे डॉलर लागतो, बंदर लागतं, बँक लागते. उत्तरेकडचं बंदर होदेदा, तिथे जाणाऱ्या जहाजाला आधी जिबूतीत युनोच्या यंत्रणेकडून तपासणीची मंजुरी घ्यावी लागते, एडनचे कागद वेगळे. बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाचा कागद) पोर्ट ऑफ डिस्चार्ज, म्हणजे माल उतरवायचं बंदर, बदलायचं म्हणजे एक शब्द बदलणं नव्हे, पुढची सगळी साखळी बदलते. कुणी नवीन असेल तर बुकिंगच्या आधी हे क्लिअर करून घ्या, नंतर डेमरेज (कंटेनर अडकून पडल्याचा आकार) भरत बसावं लागतं.

2016 च्या शेवटापासून उत्तरेतल्या शिक्षकांना, नर्सना, कारकुनांना नीट पगार नाहीये. बँक हलवली गेली त्याच सुमारास हे सुरू झालं. बाजारात गहू असतो पण घ्यायला पैसा नसतो, हे तिथल्या उपासमारीचं खरं रूप, आणि आपल्याकडे ते "दुष्काळ पडला" असं छापून येतं.

दक्षिण येमेन परका समजू नका

एडन 1839 मधे इंग्रजांनी घेतलं आणि पुढे जवळपास शंभर वर्षं त्याचा कारभार आधी मुंबई इलाख्यातून आणि मग दिल्लीतून चालला, 1937 ला ते वेगळं झालं. तिथे रुपया चालायचा. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना एडनच्याच तुरुंगात ठेवलं होतं, ते तिथून दार उखडून पळाले, पकडले गेले आणि 17 फेब्रुवारी 1883 ला तिथेच गेले. मराठवाड्यात चाऊस आडनावाची माणसं असतात ना, त्यांचे पूर्वज निजामाच्या फौजेत आलेले हद्रमौतचे अरब, आणि तिकडे मुकल्लाचं राज्य चालवणारं कुआइती घराणंही याच निजामाच्या चाकरीतून वर आलेलं. हे सांगायचं कारण, दक्षिणवाले वेगळा देश मागतात तेव्हा लोकांना वाटतं हे कालचं खूळ आहे. दक्षिण 1967 ते 1990 वेगळा देशच होता, कम्युनिस्ट, स्वतःचं सैन्य असलेला. 1994 मधे पुन्हा वेगळं व्हायचा प्रयत्न झाला, युद्ध झालं, ते हरले, अधिकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, जमिनी गेल्या. एडनच्या पार्टीशी बोलताना "तुम्ही येमेनी लोक" म्हटलं की काही जण हळूच सुधारतात, "जनूबी", म्हणजे दक्षिणेचे.

शेवटची चूक आकड्याची. "युद्धात 3 लाख 77 हजार ठार" असं सर्रास लिहिलं जातं. हा युएनडीपीचा (युनोच्या विकास कार्यक्रमाचा) अंदाज आहे, 2021 संपेपर्यंतचा, म्हणजे आजचा म्हणून देऊ नका. आणि "युद्धात ठार" म्हणजे गोळीने, बॉम्बने असं वाचणाऱ्याला वाटतं, पण त्यातले जवळपास 60 टक्के गेले भुकेने, आजाराने, दवाखाना आणि पाणी नसल्यामुळे. त्याच अंदाजात अजून एक ओळ आहे, ती बहुतेक जण सोडून देतात : एकूण मृत्यूंपैकी जवळपास 70 टक्के पाच वर्षांच्या आतली मुलं होती.