पी५३चा बँड दिसत नाही? अँटीबॉडीला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

"ताई, अँटीबॉडी बगडी गई!" आमची ज्युनियर बडोद्याच्या दांडिया बाजारातली, घरी चोख मराठी बोलणारी, पण वैतागली की गुजरातीवर घसरते. हातात वेस्टर्न ब्लॉटचा फोटो. यात पेशींतली प्रथिनं जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी करून मेंब्रेनवर उतरवायची आणि हवं ते प्रथिन अँटीबॉडीने शोधायचं; ते असेल तिथे बँड, म्हणजे रेघ, उमटते. तिच्या चार नमुन्यांच्या लेन, शेवटी पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे ज्यात बँड नक्की यायलाच हवा असा नमुना. ४२ किलोडाल्टनवर (हे प्रथिनाच्या वजनाचं माप) सगळ्या पेशींत असणारं बीटा-अ‍ॅक्टिन सगळीकडे ठणठणीत, ५३वर, पी५३ प्रथिनाच्या जागी, मात्र सामसूम. कंपनीला धाडायची तक्रारीची ईमेलसुद्धा लिहून तयार होती. मी एवढंच विचारलं, "कंट्रोल म्हणून काय चढवलंस?"

"हेला."

इथेच गोम आहे. हेला पेशी १९५१मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून आल्या आणि त्यांच्यात एचपीव्ही-१८ विषाणूची जीनं ठाण मांडून आहेत. या विषाणूचं ई६ नावाचं प्रथिन पी५३ला धरून थेट पेशीच्या कचराकुंडीत, म्हणजे प्रोटिअसोममध्ये ढकलतं. जीन शाबूत, आरएनएही बनतो, प्रथिन मात्र नावापुरतं. म्हणजे अँटीबॉडी खरं तेच सांगत होती, आपणच भलत्या साक्षीदाराला उभं केलं होतं. हसू नका, पहिल्या वर्षी मीही यात दोन आठवडे घालवलेत. लॅबमध्ये हेला कायम वाढत असते, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो.

कंट्रोल घ्यायचा तर ए४३१ ही पेशी घ्या. तिच्यातला पी५३ बदललेला आहे, त्यामुळे तो मोडला न जाता साचून राहतो. एचईके२९३ही चालते, तिथे अ‍ॅडिनोव्हायरसचं प्रथिन त्याला धरून ठेवतं. शेजारी साओस-२ किंवा एच१२९९ची एक लेन हवीच, कारण त्यांच्यात पी५३ मुळातच नाही. पुण्याच्या एनसीसीएसकडून (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पेशी मागवताना भरलेली आणि रिकामी अशी जोडीच मागवा.

नॉर्मल पी५३ असलेल्या एमसीएफ-७सारख्या पेशी वापरणाऱ्यांची चूक वेगळी. पी५३ जीनं चालू-बंद करणारं प्रथिन आहे, पण पेशी सुखात असली की त्याला काम नसतं. एमडीएम२ हे दुसरं प्रथिन त्याला सतत मोडीत काढत राहतं आणि त्याचं अर्धायुष्य जेमतेम २० मिनिटांच्या आसपास राहतं. डॉक्सोरुबिसिन किंवा यूव्ही देऊन डीएनएला धक्का दिल्याशिवाय बँड फिकाच येणार. लायसेट, म्हणजे पेशी फोडून काढलेला अर्क, बर्फावर बनवा, आणि प्रथिनं कापणाऱ्या एन्झाइमना अडवणारं पीएमएसएफ बफरमध्ये आयत्या वेळी टाका. पाण्यात पडलं की तासाभरात त्याचा जोर ओसरतो. सकाळी टाकून दुपारी वापरलं तर न टाकल्यासारखंच.

आता उलटा प्रकार: बँड येतो, झकास येतो, आणि खोटा असतो. आमच्याकडे एका उन्हाळ्यात उंदराच्या यकृतात पी५३चा काळाकुट्ट बँड आला होता. प्रत्येक लेनमध्ये, अगदी सारखा. त्या आनंदात सेव-उसळही झाली. नंतर कुणीतरी प्रायमरी (प्रथिनाला धरणारी पहिली अँटीबॉडी) न घालता नुसती सेकंडरी (त्या पहिलीला धरून बँड दाखवणारी दुसरी) लावून पाहिली, तरी बँड जागच्या जागी! प्रायमरी होती डीओ-१. ती माणसाच्या पी५३च्या सुरुवातीच्या २५ अमिनो आम्लांमधला तुकडा ओळखते, उंदराचा पी५३ ओळखतच नाही. शिवाय ती स्वतः उंदरापासून बनलेली, म्हणून सेकंडरी उंदराच्या अँटीबॉडी शोधणारी. उंदराच्या ऊतकात रक्त, रक्तात त्याच्या स्वतःच्या अँटीबॉडी, आणि त्यांची जड साखळी धावते ५० किलोडाल्टनवर, पी५३च्या अगदी कुशीत. उंदरासाठी सशापासून बनलेली सीएम५सारखी प्रायमरी घ्या, आणि जमेल तितकं रक्त धुऊन मगच अवयव काढा. नुसत्या सेकंडरीची पट्टी मी आता नव्या ऊतकाच्या पहिल्या ब्लॉटला सक्तीची केली आहे, कुणी कितीही कुरकुर करो.

याच जागेवर आणखी एक अडचण होते. ट्यूब्युलिन ५० ते ५५च्या मधे येतं, तेव्हा पी५३साठी ते लोडिंग कंट्रोल, म्हणजे सगळ्या लेनमध्ये माल सारखा चढला का ते दाखवणारं प्रथिन, म्हणून घेऊ नका. आणि ३९३ अमिनो आम्लांचं वजन ४४च्या आत भरतं म्हणून ५३वरचा बँड खोटा ठरवू नका. प्रोलीनने भरलेल्या भागामुळे हे प्रथिन जेलमध्ये रेंगाळतं. १९७९मध्ये ते सापडलं तेव्हा जेलवर दिसलेल्या आकारावरूनच पुढे नाव पडलं, आणि तो चुकीचा आकडा तसाच चिकटून राहिला.

धक्का बसलेल्या पेशीत पी५३ केंद्रकात जाऊन बसतं. सौम्य बफरने पेशी फोडायची, सेंट्रिफ्यूज करायचं आणि तळाचा गोळा फेकून द्यायचा, म्हणजे मालच फेकण्यासारखं आहे. रिपा हा कडक बफर घ्या, थोडं सोनिकेशन (ध्वनिलहरींचा मारा) द्या. केंद्रकाचा वेगळा अर्क काढत असाल तर लॅमिन बी१ या केंद्रकातल्या प्रथिनाची अँटीबॉडी लावून तो खरंच केंद्रकाचा आहे ना, तेही पाहा.

साठवणीबद्दल लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२-४३वर, कुरिअरच्या डब्यातली जेलपॅक वितळलेली, की लगेच "गेली!" अहो, एखाद्या दिवसाच्या उबेने अँटीबॉडी सहसा मरत नाही. तिला मारतं ते पुन्हा पुन्हा गोठवणं आणि वितळवणं. बर्फ न धरणारा घरगुती फ्रीजर तर स्वतःहून मधूनमधून गरम होतो, त्यात ३५ हजारांची कुपी ठेवू नये. आल्या दिवशी छोटे वाटे करून ठेवा. निम्मं ग्लिसरॉल असेल तर उणे २०वर ती गोठतच नाही, मग वाटे करण्याचीही गरज नाही.

बारीकसारीक: सेकंडरीत सोडियम अझाइड नको, तिला जोडलेलं, बँड उजळवणारं एचआरपी एन्झाइम मरतं. पीव्हीडीएफ मेंब्रेन आधी मिथेनॉलमध्ये भिजवा. ट्रान्सफरनंतर पाँसो (सगळी प्रथिनं दाखवणारा लाल रंग) न करता पुढे जाऊ नका. फॉस्फो-पी५३साठी (फॉस्फेट लागलेला पी५३) ब्लॉकिंगला, म्हणजे मेंब्रेनवरच्या मोकळ्या जागा भरायला, दुधाऐवजी बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) बरं, दुधातलं केसिन स्वतःच फॉस्फेटवालं. बाकी ब्लॉकिंगला दूध चालतं, आणि गुजरातेत त्याच्या पावडरीला काय तोटा! फक्त साय काढलेली घ्या. बँडच्या मधोमध पांढरा डाग पडला तर अँटीबॉडी कमी नाही, जास्त झाली आहे.

पुढच्या मंगळवारी ज्युनियरने ब्लॉट पुन्हा लावला. ए४३१ काळीभोर, साओस-२ कोरी. तिच्या चार नमुन्यांपैकी दोन लेनमध्ये बारीक पण स्पष्ट रेघ, उरलेल्या दोनांत काहीच नाही. वही उघडून पाहिली, तर त्या दोन डिशना डॉक्सोरुबिसिन द्यायचंच राहून गेलं होतं.