फर्निचर बदलावं की दुरुस्त करावं? मुंबईच्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

मुंबईतल्या घरात फर्निचर बदलायचा विषय साधारण दोन वेळा निघतो. दिवाळीआधी रंगकाम काढलं की, आणि सोसायटीचं रिडेव्हलपमेंट ठरलं की. दोन्ही वेळा घाई असते, त्यामुळे निर्णय वरवर बघून होतो. सनमायका सुटलाय, रेक्झिनचे पोपडे निघालेत, पॉलिश काळवंडलंय, म्हणून चांगलं कपाट भंगारात जातं. आणि वरून चकचकीत दिसणारा, आतून कुजलेला बॉक्सचा पलंग आणखी पाच वर्षं घरात राहतो.

आधी सांगाडा आणि सांधे बघा. कापड, फोम, पॉलिश, सनमायका, बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनेल हे सगळं बदलून मिळतं. सांगाडा गेला असेल तर त्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

वय मोजून निकाल लावणं

‘दहा वर्षं झाली, आता बदलू’ हा हिशोब लाकडाला लागू होत नाही. चाळीतल्या खोलीतून फ्लॅटमध्ये आलेला सागवानी पलंग चाळीस वर्षांनीही ठणठणीत असतो, आणि ऑनलाइन मागवलेलं पार्टिकल बोर्डचं कपाट दोन पावसाळ्यांत तळाशी फुगतं. म्हणून आधी माल ओळखा. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याच्या कडा आणि मागची बाजू बघा, कारण तिथे सहसा कोणी सनमायका लावत नाही. वरच्या रेषा कडेवरूनही पुढे जात असतील तर ते भरीव लाकूड. एकावर एक थर दिसले तर प्लाय. दाबून बसवलेले बारीक तुकडे दिसले तर पार्टिकल बोर्ड. कड एकसारखी, गुळगुळीत आणि रेषा नसलेली असेल तर एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड.

भरीव लाकडाची खुर्ची डुगडुगायला लागली तर ती सहसा मोडलेली नसते, सांध्यातला गोंद सुटलेला असतो. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे सांध्यात खिळा ठोकणं. खिळ्याने आतलं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, चिरतं, आणि मग खरी दुरुस्तीही अवघड होऊन बसते. बरोबर पद्धत अशी: सांधा हलक्या हाताने सोडवा, जुना गोंद खरवडून काढा, नवा फेविकॉल लावून बसवा, क्लॅम्प किंवा पीळ दिलेल्या दोरीने आवळा आणि २४ तास खुर्चीवर कोणालाही बसू देऊ नका. पलंग करकरत असेल तर आधी बाजूच्या पट्ट्यांचे नट-बोल्ट पान्याने आवळा. भोक मोठं झालं असेल तर रुंद वॉशर घाला.

फुगलेल्या बोर्डावर पैसे घालणं

पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगला की वाळल्यावर पूर्वीच्या जाडीला येत नाही. दाबून बसवलेले लाकडाचे तुकडे पाणी पिऊन सुटे होतात, त्यांना धरून ठेवणारा गोंद तुटतो, आणि पंखा लावून वाळवलं तरी ती पकड परत येत नाही. त्यावर नवा सनमायका चिकटवला की वर्षभरात तोही सुटतो.

तपासायला सोपं आहे. कपाटाच्या बाजूच्या फळीची जाडी वर एकदा आणि जमिनीलगत एकदा मोजा. १८ मिमीची फळी खाली २० मिमीच्या वर भरत असेल, किंवा नख रुतत असेल, तर ती फळी गेली. अशी एकच फळी असेल तर सुताराकडून तेवढीच प्लायमध्ये बदलून घ्या. दोन्ही बाजू आणि तळ फुगला असेल तर कपाट बदला.

बोर्ड कोरडा असूनही बिजागरी उपटून आली असेल तर ते कपाट वाचतं. काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉल भोकात भरण्याचा उपाय भरीव लाकडात चालतो, पण चुरा झालेल्या पार्टिकल बोर्डमध्ये दार पुन्हा लोंबकळतं. त्याऐवजी खराब झालेलं भोक ८ किंवा १० मिमीच्या ड्रिलने साफ करा, त्यात तेवढ्याच जाडीची लाकडी खुंटी गोंद लावून बसवा, २४ तासांनी खुंटीत बारीक भोक पाडून स्क्रू घाला. हार्डवेअरच्या दुकानात बिजागरीच्या मागे लावायची स्टीलची पट्टी मिळते, तीही भार पसरवते.

किचन ट्रॉलीत सिंकखालचा खण आधी सडतो आणि लोक सगळं किचन बदलायला निघतात. सिंकचा वेस्ट पाइप आणि त्याचा वॉशर आधी दुरुस्त करा, आणि फक्त तो खण नव्या प्लायमध्ये बनवून घ्या. तिथे आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याची बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळतं पाणीही सोसणारी प्लाय लागते. आयएस ३०३ ची एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय दमट हवा सोसते, सतत गळणारं पाणी सोसत नाही. शिक्का फळीवर असतो, कापायच्या आधी बघून घ्या.

दोष भिंतीचा, शिक्षा कपाटाला

ही चूक सर्वांत महागात पडते. वाळवी लागलेलं कपाट काढलं, नवं आणलं, त्याच भिंतीला लावलं, आणि दुसऱ्या वर्षी नव्या कपाटाच्या मागे मातीच्या रेघा. वाळवी जमिनीतून, भिंतीतून, पाइपाच्या कडेने येते. कपाट तिचं खाणं आहे, घर नाही. मातीची नळी दिसली तर बोटभर तोडून ठेवा. काही दिवसांत ती पुन्हा बांधली गेली तर वाळवी चालू आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याने नुसता कपाटावर फवारा मारून चालत नाही. भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडून त्यात औषध सोडायला हवं. हे काम झाल्यावरच नवं कपाट मागवा.

बारीक टाचणीएवढी गोल भोकं आणि त्यांखाली टाल्कम पावडरीसारखा भुसा दिसला, पण माती कुठेच नसेल, तर ती वाळवी नव्हे. ते लाकूड पोखरणारे भुंगे. सागाच्या गाभ्याला ते सहसा लागत नाहीत, सालीलगतच्या पांढरट लाकडाला लागतात. सिरिंजने भोकात औषध भरून, वर मेण किंवा पुट्टी लावून असा नग बऱ्याचदा वाचतो. स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. टोक दोन-तीन मिमीवर अडलं तर दुरुस्ती करा, आत गेलं तर तो भाग कापून बदलावा लागेल.

ओल हा दुसरा चोर. पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत किंवा बाथरूमची सामाईक भिंत असेल तर कपाटाची पाठची प्लाय काळी पडते, कपड्यांना कुबट वास येतो. भिंतीवर फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय, वॉटरप्रूफिंग आधी करा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर हवा कोंडलेली आहे. तेव्हा कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढून ठेवलं तरी बराच फरक पडतो.

हिंदमाता किंवा कुर्ल्याच्या सखल भागांत तळमजल्यावर पाणी शिरतं तेव्हा नियम वेगळा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा हे अनेक घरांनी पाहिलं. गटाराचं पाणी प्यायलेला फोम, काथ्या आणि कापूस ठेवू नये. भरीव लाकूड धुऊन, सावलीत, हळूहळू वाळवलं तर टिकतं. लोखंडी कपाटाचा तळ पॉलिश पेपरने घासा. नुसता वरचा गंज असेल तर रेड ऑक्साइड आणि रंग पुरतो, पत्रा आरपार गेला असेल तर कपाट भंगाराच्या भावात द्या.

सोफ्याचं कापड बदलणं, सांगाडा न उघडता

नवं कापड चढवून झाल्यावर सोफा पुन्हा खचला की शिव्या कुशनवाल्याला बसतात. कापड निवडण्याआधी ही तपासणी करा. पुढचा एक कोपरा जमिनीपासून सहा इंच उचला. तेवढ्यात पुढचा दुसरा पायही उचलला गेला पाहिजे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर सांगाडा पिळवटतोय, म्हणजे सांधे सुटलेत. मग सोफा आडवा करून तळाच्या काळ्या कापडाच्या एका कोपऱ्यातल्या पिना काढा आणि टॉर्च मारा. लाकूड चिरलंय का, भुसा आहे का, पट्टे सैल पडलेत का, स्प्रिंग क्लिपमधून निसटलीय का, हे पाच मिनिटांत कळतं. पट्टे आणि स्प्रिंगा बदलता येतात. सांगाडा पॅकिंगच्या पेटीच्या फळ्यांचा असेल आणि दोन-तीन ठिकाणी तडकला असेल, तर कापड, फोम आणि मजुरी मिळून होणारा खर्च त्यावर करू नका.

फोम बदलताना फसवणूक सहज होते. बैठकीला ४० डेन्सिटी सांगितली जाते, घातली जाते ३२ किंवा त्याहून कमी. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन, त्यामुळे ती घरच्या काट्यावर पडताळता येते. २२ बाय २२ इंच आणि ५ इंच जाड तुकडा ४० डेन्सिटीचा असेल तर साधारण १.६ किलो भरतो, ३२ चा असेल तर १.३ किलोच्या आत. कव्हर चढवण्याआधी वजन करून घ्या, नंतर कोणी उघडून दाखवत नाही. हाताने दाबून कडकपणा कळतो, डेन्सिटी कळत नाही.

रेक्झिनचे पोपडे मुंबईच्या दमट हवेत निघतातच. रंगाच्या बाटल्या आणि चिकटपट्ट्या लावून ते थांबत नाहीत. सांगाडा धड असेल तर सरळ कापड चढवा.

गादी बदलणं, दोष पलंगात असताना

पाठ दुखते म्हणून महागडी गादी येते आणि महिन्याने तीही मध्ये बसते. गादी आधी जमिनीवर टाकून तीन-चार रात्री झोपून बघा. जमिनीवर बरं वाटलं तर गादी ठीक आहे, खालची प्लाय वाकलीय. पलंगाच्या मधोमध आडवी लाकडी पट्टी आणि तिला खाली टेकू दिला की काम होतं. जमिनीवरही त्रास झाला तर गादीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणा. मधला खड्डा दीड इंचाच्या वर असेल तर गादी बदला. कापसाची गादी असेल तर फेकू नका, पिंजून पुन्हा भरून मिळते.

बॉक्सच्या पलंगाचं झाकण उघडं राहत नसेल तर पलंगाचा दोष नाही, हायड्रॉलिक पंप संपलेत. त्यांवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो, तोच आकडा बघून दोन्ही बाजूंचे पंप एकदम बदला. हे मात्र पुढे ढकलू नका. पडणाऱ्या झाकणाखाली मुलांचा हात सापडतो.

प्लास्टिकच्या खुर्चीचा निर्णय सोपा आहे. पाय आणि बैठक जुळते तिथे पांढुरक्या रेघा दिसल्या की ती बाजूला काढा, विशेषतः गॅलरीत उन्हात राहिलेली. घरात म्हातारी माणसं असतील तर त्याच दिवशी.

पावसाळ्यात निर्णय घेणं

जुलैत ड्रॉवर अडकतात, दारं घासतात. सुताराला बोलावून रंधा मारला की डिसेंबरात त्याच दाराला बोटभर फट पडते. तोवर ड्रॉवरच्या कडांना मेणबत्ती घासून चालवा. हिवाळ्यात अडकलं तरच रंधा मारून घ्या. मेलामाइन किंवा लॅकरचं पॉलिशही भर पावसाळ्यात करू नका, दमट हवेत त्यावर पांढरी झाक येते. गणपती आणि दिवाळीच्या तोंडावर चांगला पॉलिशवाला मोकळा नसतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ.

चुकीच्या वस्तूशी किमतीची तुलना

सागवानी कपाटाच्या पॉलिशचा खर्च आणि पार्टिकल बोर्डच्या नव्या कपाटाची किंमत शेजारी ठेवली तर पॉलिश महाग वाटणारच. तुलना त्याच प्रतीच्या नव्या वस्तूशी करा. आमचं मत असं की बोर्डच्या फर्निचरला नव्याच्या एक तृतीयांशाहून जास्त दुरुस्ती खर्च येत असेल तर सोडून द्यावं. भरीव सागाला निम्म्याहून जास्त खर्च आला तरी करावा, कारण त्या प्रतीचं लाकूड पुन्हा घेणं त्याहून महाग जातं.

रिडेव्हलपमेंटमध्ये भाड्याच्या घरात आणि मग नव्या घरात असं दोनदा सामान हलतं. बोल्टचं भरीव फर्निचर हे सोसतं. बोर्डचं कपाट दुसऱ्यांदा खोललं की स्क्रूची भोकं सैल होतात, त्यामुळे अशा वेळी भाड्याच्या घरासाठी नवं बोर्डचं कपाट घेऊ नका.

मापं न घेता आणणं, विचार न करता काढणं

खोलीचं माप सगळे घेतात, लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि बेडरूमच्या चौकटीच्या आतलं माप राहून जातं. उंचीचंही एक गणित आहे. ७८ इंच उंच आणि १९ इंच खोल कपाट आडवं आणून उभं करताना त्याचा कर्ण ८० इंचांच्या थोडा वर जातो. पोटमाळ्याखाली ७९ इंच मोकळे असतील तर कपाट तिथे मावेल, पण तिथेच उभं करता येणार नाही. ते मोकळ्या छताखाली उभं करून सरकवत न्यावं लागेल.

जुनं कपाट घरातच सुताराने बांधलेलं असेल तर ते अखंड बाहेर निघत नाही. खोलण्याचा खर्च आणि टेम्पोचं भाडं हिशोबात धरा. सोफा आणि गादी भंगारवाला सहसा पैसे देऊन नेत नाही. नवा सोफा विकणाऱ्याकडेच जुना उचलण्याचं बोलून घ्या, पैसे देण्याआधी. सागवान किंवा शिसम मात्र किलोवर देऊ नका. जोगेश्वरीच्या ओशिवरा फर्निचर मार्केटमध्ये जुन्या लाकडी फर्निचरची खरेदी-विक्री चालते. निदान दोन दुकानांत फोटो दाखवून भाव विचारा, आणि फोटोत समोरच्या पॉलिशसोबत ड्रॉवरची मागची बाजू आणि सांधेही दाखवा, कारण घेणारा तेच बघतो.