नाताळला घरी निघण्याआधीचे तीन आठवडे

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी नाताळच्या सुट्टीला तपासायच्या वह्या घेऊन घरी गेले. शेवटची वही तपासून झाली ती सुट्टी संपायच्या आदल्या रात्री. घरची माणसं गप्पा मारत बसली की माझं लक्ष त्या पिशवीकडे जायचं. घरापासून लांब शिकवायला लागलेल्या नव्या शिक्षकांना म्हणून मी पहिल्यांदा हेच सांगते: वह्या घरी न्यायच्या नाहीत. पण त्याची तयारी डिसेंबर लागताच करावी लागते.

निघायच्या तारखेपासून उलटं मोजत या. शेवटचा आठवडा हिशेबात धरूच नका. कार्यक्रमाच्या तालमी, सभा, ऐनवेळी अंगावर येणारे बदली तास यांत तो जातो. एका वर्गात 30 मुलं आणि एका निबंधाला 8 मिनिटं धरली तर एका वर्गाचे 4 तास होतात. चार वर्गांचे 16. रोज खरोखर मोकळे मिळतात ते फार तर दोन तास, म्हणजे आठ दिवस हवेत. त्यामुळे मोठं लेखन किंवा चाचणी सुट्टीच्या तीन आठवडे आधी उरकलेली बरी. ‘शेवटच्या सोमवारी घेऊ’ असं कुणी सुचवलं तर हा हिशेब समोर ठेवा.

तपासताना वहीवर फक्त शेरा लिहा, गुण आपल्या नोंदवहीत ठेवा. संशोधक रूथ बटलर यांनी 1988 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नुसते शेरे मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं होतं. शेऱ्यासोबत गुणही मिळाले, तिथे तो फायदा दिसला नाही. माझ्या वर्गातही मुलं आकडा बघून वही मिटतात. शेरा एकच वाक्याचा, पण पुढे काय करायचं ते सांगणारा हवा. ‘छान प्रयत्न’ वाचून मुलाला काही करता येत नाही. ‘दुसऱ्या परिच्छेदात कारण दे’ हे वाचून येतं.

प्रगतिपुस्तकाचे शेरे रोज पाच-सहाच लिहा. एका रात्रीत सगळे लिहायला बसलं की आधीचा मजकूर चिकटवताना दुसऱ्याच मुलाचं नाव राहून जातं, आणि ते पालकांच्या लगेच नजरेत येतं. पाठवण्याआधी प्रत्येक शेरा मोठ्यानं वाचा.

शेवटच्या आठवड्यात नवा धडा सुरू करू नका. पण रोजचा क्रमही मोडू नका. वर्ग बेभान होतो तो बहुतेक वेळा पुढे काय होणार हे कळत नाही म्हणून. मी तासाची पहिली दहा मिनिटं पुस्तक मिटून जुने पाच प्रश्न विचारते. विसरणं सुरुवातीलाच सर्वांत वेगानं होतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच दाखवलं होतं. सुट्टीआधी डोक्याला ताण देऊन आठवलेलं जास्त टिकतं.

आता ज्याकडे नवखे शिक्षक सहसा पाहत नाहीत, ते. सुट्टी सगळ्यांनाच हवी असते असं नाही. माझ्या वर्गातला एक शांत मुलगा डिसेंबरच्या मध्यापासून शाळा सुटल्यावर रेंगाळायला लागला. फळा पुसू का, खुर्च्या लावू का, असं रोज विचारायचा. आधी मला वाटलं, मदतीची हौस आहे. चौथ्या दिवशी लक्षात आलं की त्याला घरी जायचंच नाही. मी समुपदेशकांना सांगितलं, पण तेव्हा हातात दोनच दिवस होते, आणि ते मला आजही बोचतं. एखादं मूल अचानक चिकटायला लागलं, चिडायला लागलं किंवा गप्प झालं, तर त्याच दिवशी सांगा. सुट्टी लागली की शाळेतली माणसंही पांगतात.

‘सुट्टीत कुठे जाणार?’, ‘भेट काय मिळणार?’ हे प्रश्न वर्गात सगळ्यांसमोर टाळा. कुणाच्या घरी नाताळ नसतोच. जुनं ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स घरांत तो 7 जानेवारीला येतो. ‘सुट्टीनंतर मला एक नवी गोष्ट सांगा’ एवढं म्हटलं की प्रत्येकाला जागा मिळते.

प्रवासाचं थोडक्यात. शाळा सुटते त्याच संध्याकाळचं तिकीट काढू नका, शेवटची बैठक लांबते. परदेशात नोकरी असेल तर परत येण्याचा परवाना आणि पासपोर्टची मुदत नोव्हेंबरातच बघा. बऱ्याच देशांना पासपोर्ट अजून सहा महिने चालणारा लागतो. विमानात पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. आणि पहिले दोन दिवस घरी नुसतं झोपायला मोकळे ठेवा. सत्रभर दाबून ठेवलेला थकवा तेव्हाच वर येतो.

शेवटच्या दुपारी टेबल आवरून झालं की जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांचं टाचण कागदावर लिहून खणात ठेवा. माझ्या टाचणात पहिल्या तासाला तेच पाच प्रश्न असतात. मागच्या वर्षी बहुतेकांना त्यातले तीन आले. उरलेल्या दोनांपासून आम्ही सुरुवात केली.